चि. सौ. कां. दामिनीचा अल्बम

गुपित ठेवावं तर मनोहररावांनी! हे मी माझ्याच तोंडानं सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात बत्तीस वर्षं काढली. कोणत्या शाळेचं छत कुठून गळतं ते माझ्या पोटातून कधी बाहेर आलं नाही. मग पोटच्या पोरीचा अल्बम तरी कसा बाहेर येईल? नाहीच आला! लोकांनी भलताच अर्थ काढला, त्याला मी काय करू?

तर दामिनी. माझी एकुलती एक, वय एकोणतीस. नागपूरला धंतोलीतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. अर्ध्या विदर्भाचे गुडघे तिच्या हाताखालून गेले. एक दिवस नोकरी सोडून घरी आली आणि म्हणाली, “बाबा, मले एक वर्ष द्या. आठ गाणी करते, माझी स्वतःची. नाही जमलं तर परत गुडघे.”

खरं सांगतो, भीती वाटली. ती मी दाबली. पण अभिमान काही दाबला जाईना!

“पण कोणाले सांगू नका,” ती म्हणाली. “अल्बम निघेपर्यंत एक शब्द नाही!”

या अटीला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी ती टीव्हीवरच्या एका गाण्याच्या स्पर्धेला गेली, तेव्हा मी आधीच आमच्या लेआउटमध्ये, अगदी घरोघरी, पेढे वाटून मोकळा झालो होतो. पोरगी पहिल्याच फेरीत परत आली. त्यानंतर सहा महिने लोक आमच्याकडे भेटायला येत होते, अगदी घरात कोणी गेल्यासारखे! “मनोहरराव, धीर धरा.” दामिनी आतल्या खोलीत बसून ते ऐकायची.

म्हणून या वेळी मी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, “एक शब्द नाही.”

अल्बमचं संगीत पियुष करत होता. सदर भागात चष्म्याच्या दुकानावर त्याचा छोटासा स्टुडिओ. मुलगा इतका हळू बोलणारा, की समोरच्याला आपलेच कान तपासावेसे वाटतात. अल्बमचं नावही ठरलं होतं: ‘शेहेचाळीस’. गाणी आठ आणि नाव शेहेचाळीस! मी विचारलं, तर म्हणे नागपूरचं तापमान.

वाद्यं वाजवून झाली, आता फक्त दामिनीचा आवाज घ्यायचा, आणि त्याच आठवड्यात स्टुडिओशेजारची इमारत पाडायला काढली. दिवसभर घर्रर्र! दामिनी एक ओळ म्हणायची आणि खाली एक भिंत पडायची.

“सर,” पियुष म्हणाला, “तुमच्या घरची एखादी खोली भेटली तर होऊन जाईल. पण एकदम डेड पाहिजे.”

“डेड? कोण डेड?”

“खोली, सर. आवाज घुमला नाही पाहिजे. भिंतींले गाद्या लावाव्या लागतील.”

गाद्या! माझ्यातला बांधकाम विभाग खडबडून जागा झाला. टेप काढला, मागची खोली मोजली. भिंती चार, दार एक, खिडकी एक. हिशेब निघाला अठरा गाद्यांचा. घरात होत्या तीन.

निघालो. पहिलंच घर समोरच्या शोभाताईंचं.

“शोभाताई, चार गाद्या भेटतीन काय? महिनाभर.”

“चाऽऽर? काहून, भाऊजी? कोण येऊन राहिलं?”

“कोणी नाही. घरी एक कार्यक्रम आहे.”

“कोणता?”

“ते आत्ता नाही सांगता येत.”

त्यांनी डोळे बारीक केले. “दामिनीचा काय?”

आता मी गुपित ठेवतो, पण खोटं बोलत नाही! “हो, दामिनीचाच. पण कोणाले सांगू नका बरं!”

शोभाताईंचा चेहरा तेलात टाकलेल्या पुरीसारखा टम्म फुलला. चार मागितल्या तर सहा दिल्या, वरून दोन लोड! मला भरून आलं. दुपारपर्यंत पंधरा गाद्या हव्या होत्या तिथे तेवीस जमल्या. लोक स्वतः डोक्यावर घेऊन येत होते. एकीला तर नवा, बुट्ट्यांचा अभ्रा घातलेला! मी मनात म्हटलं, काय हा लेआउट, आणि काय ही माणसं!

रेकॉर्डिंग सुरू झालं. पियुष रोज भर दुपारी कॉम्प्युटर घेऊन यायचा, दामिनीबरोबर खोलीत जायचा, दार बंद. मे महिना, कूलर बंद, पंखा बंद, चारी बाजूंनी गाद्या. पाच वाजता दोघं बाहेर यायची ती उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांसारखी!

शोभाताई एकदा फाटकाशी आल्या. “मुलगा काय करते, भाऊजी?”

“कोण, पियुष? सदरले स्वतःचं आहे त्याचं.”

“स्वतःचं! अन् स्वभाव?”

“शांत एकदम. दामिनीचं ऐकते. दिवसभर ऐकतच राहते!”

“आजकाल असे भेटते कुठी, भाऊजी!” असं म्हणून शोभाताईंनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

पुढच्याच गुरुवारी सकाळी दारात टेम्पो थांबला. त्यातून माझी मोठी बहीण प्रयागबाई उतरली. तिच्या मागून पाच बाया, पोळपाट-लाटणी, उडदाच्या पिठाचे डबे. बाई काटोलकडच्या खेड्यात राहते. दामिनीची आई गेली तेव्हा दामिनी अकरा वर्षांची होती. पुढची दोन वर्षं बाईनं स्वतःचं शेत नवऱ्यावर टाकून माझं घर सांभाळलं. तिच्यापुढे आजही माझी मान वर होत नाही.

“मन्या!” ती रस्त्यातूनच ओरडली. “लोकायच्या तोंडून समजावं काय मले? माह्या पोरीचं लग्न, अन् मलेच पत्ता नाही!”

“बाई, लग्न...”

“चूप! घरात एक पापड नाही, अन् हा गाद्या जमा करत फिरून राहिला!”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! तेवीस गाद्या. दामिनीचा कार्यक्रम. पियुष. शोभाताईंचा पदर! पण आता सांगू काय? लग्न नाही म्हटलं, तर बाई विचारणार, मग काय आहे? आणि मी तर पोरीच्या डोक्यावर हात ठेवलेला. म्हणून मी नुसता हसलो.

दामिनी आणि पियुष तेव्हा सदरला गेले होते. बाईनं मागची खोली उघडली आणि दारातच थबकली.

“हे काय गा? गाद्या भिंतीले काहून टांगल्या?”

“ओल आली होती, बाई.”

“मे महिन्यात?” तिनं खिडकीवरच्या दोन जाड गाद्या ओढून काढल्या. “बाया कायवर निजतीन मंग?”

ती जाताच मी खिडकीवर चादर लावून टाकली. आतून काही असो, वरून झाकलेलं दिसलं पाहिजे. बत्तीस वर्षांची सवय!

दुपारी दोघं परत आली. बाया मागच्या सावलीत जेवत होत्या. मी दामिनीला पुढच्या दारानंच खोलीत ढकललं. “सुरू करा, वेळ जाऊन राहिला!”

त्या दिवशी चौथं गाणं होतं, ‘आंगन’. आठवडाभर ते अडलं होतं. नऊ वेळा गाऊन झालं, आणि नऊही वेळा पियुष म्हणाला, “चांगलं आहे. पण काहीतरी कमी आहे.” ते गाणं तिच्या आईवर होतं. दामिनीनं मला सांगितलं नव्हतं, पण रिकाम्या अंगणात वाळत घातलेल्या हिरव्या लुगड्याची ओळ आली तेव्हा मला कळलं. तिनं मागून घेतलेल्या वर्षातला नववा महिना चालू होता. परवाच तिनं दवाखान्याचा जुना पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून ठेवलेला मी पाहिला होता. विचारायची हिंमत झाली नाही.

दार बंद झालं. पाच मिनिटं झाली असतील, आणि मागून आवाज सुरू झाला. धप्प, धप्प! पापडाचं पीठ कुटणं. मग सहा लाटण्यांची खडखड, बांगड्या, आणि त्यावर बायांचं गाणं!

“लाटता लाटता पापड झाला चंद्रावानी वं,
लेक माही लहानी, केवढी झाली वं...”

मी धावलो. “शूऽऽऽ! चूप बसा ना!”

“काहून?” बाईनं लाटणं उगारलं.

“आत... आत मुलगा हाये!”

हे काही मी बोलायला नको होतं.

“नवरदेव आला? मंग मोठ्यानं म्हणा वं, बायायहो!”

आणि त्या म्हणाल्या! मी कपाळाला हात लावून खोलीकडे पळालो. दार हळूच ढकललं. दामिनी डोळे मिटून गात होती. कानावर ते मोठे हेडफोन, तिला बाहेरचं काही कळत नव्हतं. पियुषला मात्र सगळं ऐकू येत होतं. मला वाटलं, आता तो थांबवेल, रागावेल. पण तो कॉम्प्युटरकडे बघत एक हात वर करून पुतळ्यासारखा बसला होता.

गाणं संपलं. “काय झालं?” दामिनीनं विचारलं. त्यानं ते स्पीकरवर पुन्हा लावलं.

काय सांगू! दामिनी श्वास घ्यायला थांबायची, नेमकं तिथे मागून त्या बाया यायच्या. दुरून, चादरीतून गाळून आल्यासारख्या. लाटण्यांचा ताल तिच्या गाण्यात असा बसला होता, जणू कोणी मोजून बसवला. आणि दुसऱ्या कडव्याच्या शेवटी, बरोबर समेवर, माझा आवाज: “शूऽऽऽ! चूप बसा ना!”

दामिनीनं उठून चादर ओढली. खिडकीपलीकडे सहा जणी, हातात लाटणी.

“ये वं माह्या पोरी!” प्रयागबाई ओरडली. “हळद कधीची धरली?”

“कोणाची हळद, आत्या?”

मी जमिनीत जागा शोधत होतो. दोन मिनिटांत सगळं बाहेर आलं. दामिनी माझ्याकडे वळली.

“बाबा, तुम्ही सांगितलं?”

“नाही! एक शब्द नाही!”

“मंग यायले लग्न कुठून ऐकू आलं?” ती खाली, उरलेल्या गाद्यांच्या ढिगावर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. “मी नोकरी सोडली, तर एकानं नाही विचारलं का पोरी, गाते काय तू. नऊ महिने झाले, बाबा. सगळ्यायले माझं लग्नच ऐकू येते.”

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कधी चूक कबूल केली नव्हती. त्या दिवशी केली. “चुकलो, पोरी. मले त्याच दिवशी सांगता आलं असतं का लग्न नाही म्हणून. मीच हसत बसलो.”

प्रयागबाई खिडकीतून बाजूला झाली, दारानं आत आली. पिठाचे हात पदराला पुसले आणि दामिनीसमोर बसली. “मी विचारतो आता. काय गाते तू? ऐकव मले.”

पियुषनं पदरावरूनच हेडफोन चढवले. बाईनं पूर्ण गाणं ऐकलं, मान खाली घालून. हेडफोन काढले तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

“चांगलं हाये,” ती म्हणाली. “पण एकटी काहून गाते वं? आम्ही काय मेलो?”

त्याच दुपारी सहाही बायांना त्या खोलीत बसवलं. पंखा बंद! त्यांतल्या सत्तरीच्या बायजाबाई म्हणाल्या, “पोरा, घरी सांगून ठेव, आम्ही इथीच वाळलो म्हणून!” पण गाणं एका दमात झालं. पियुष या वेळी ‘कमी आहे’ म्हणाला नाही. चष्मा पुसत बसला फक्त.

“बाबा,” संध्याकाळी दामिनी म्हणाली, “आता सगळ्यायले खरं सांगून टाका.”

सांगितलं! पहिल्यांदा शोभाताईंना. “शोभाताई, गैरसमज झाला. दामिनीचा अल्बम आहे.”

“हो नं! अल्बम तर पाहिजेच, भाऊजी! आमच्या लेकीच्या, भावनाच्या लग्नाचा फोटोवाल्यानं पुरा बिघडवला.”

“तसा नाही. गाण्यांचा!”

“गाण्यायचाच करतात आजकाल. फोटो सरकते, मागं गाणं वाजते.”

मी हात टेकले. मग म्हटलं, तोंडी नको, छापील करू. सुरेख पत्रिका छापून दामिनीला चकित करू! आमच्या चौकातले नत्थूजी चाळीस वर्षांपासून छापखाना चालवतात. त्यांना कागदावर लिहून दिलं: दामिनीच्या पहिल्या अल्बमचं प्रकाशन, संगीत पियुष, अमुक तारीख, सायंकाळी सहा, नंदनवनातलं सभागृह. नत्थूजींनी चष्म्यावरून पाहिलं. “पहिला अल्बम? दुसराही काढता काय?”

“जमलं तर काढू की!” मी अभिमानानं म्हणालो.

त्यांनी मान हलवली. पत्रिका आल्या, त्या मी न वाचताच तीनशे घरी वाटल्या. वाचायला काय, मीच तर लिहिलं होतं! नत्थूजींनी मात्र माझ्या चुका सुधारल्या होत्या. वर गणपती. खाली: ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. दामिनी हिच्या अल्बमचा शुभसोहळा गोरज मुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. संगीत: पियुष यांचेकडून.’

सभागृहात शंभर खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं आली चारशे! पैठण्या, गजरे, फेटे, हातात रंगीत कागदात बांधलेले डबे. उमरेडहून दामिनीचे मामा चंपतराव आले, गुलाबी फेटा बांधून. भाचीला मांडवात मामानंच आणायचं असतं! दारात प्रत्येकाच्या हातावर कोणीतरी अक्षता ठेवत होतं. कोण, म्हणून पाहिलं तर शोभाताई!

दामिनी स्टेजवर आली. काळा कुर्ता, जीन्स. “नवरी काळ्यात?” सगळीकडे कुजबुज. शेजारी पियुष. तिनं समोरची गर्दी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी दिव्याच्या खांबामागे सरकलो.

“हे बटण दाबलं,” ती माइकवर म्हणाली, “की आमचा अल्बम सगळीकडे ऐकायला मिळेल.” आणि दाबलं.

चारशे मुठी उघडल्या! तांदळाचा असा पाऊस पडला की पियुषचा कॉम्प्युटर दिसेनासा झाला. चंपतराव ‘वाजवा रे वाजवा’ म्हणत उभे राहिले. टाळ्या!

पहिल्या रांगेत एक बाई मांडीवर बाळ घेऊन बसली होती. शोभाताई तिच्याकडे वाकल्या. “तुम्ही मुलाकडल्या काय?”

“हो,” ती हसून म्हणाली. “मी मिनल. पियुषची बायको.”

शोभाताईंच्या हातातले उरलेले तांदूळ खाली सांडले. “कधीपासून?”

“तीन वर्षं झाली.”

बातमी मागच्या रांगेपर्यंत पोचायला पाच सेकंद लागले. सहाव्या सेकंदाला चंपतराव स्टेजवर होते आणि पियुषची कॉलर त्यांच्या मुठीत होती.

“काहून बे? घरी बायको, लेकरू, अन् आमच्या पोट्टीले...”

“मामा, मी फक्त म्युझिक दिलं!”

“सगळे असंच म्हणतात!”

आता खांबामागे राहणं शक्य नव्हतं. मी धावत जाऊन माइक धरला. तो किंचाळला, मीही किंचाळलो. “लग्न नाही! लग्न नव्हतंच! गाद्या आवाजासाठी होत्या! माझ्या पोरीनं आठ गाणी केली आहेत, स्वतः लिहून, स्वतः गाऊन! तेवढंच आहे! चूक माझी आहे, पण गाणी तिची आहेत!”

मग मागून एक आवाज आला. “मंग जेवण हाये का नाही?”

आणि दामिनी हसली. पोट धरून हसली. किती महिन्यांनी! तिनं माझ्या हातून माइक घेतला. “जेवण नाही. गाणी हायेत. एक तरी ऐकून जा.”

चौथं लावलं. पहिल्या कडव्यापर्यंत खुर्च्या सरकत होत्या. मग ती लाटणी आली, आणि तिसऱ्या रांगेतून काटोलच्या सहा जणी एकदम उभ्या राहिल्या. “हे आम्ही! हे आम्ही!” प्रयागबाईनं त्यांना हातानं गप्प केलं. नंतर कोणी हललं नाही. रिकामं अंगण, हिरवं लुगडं, ‘लेक माही लहानी’. मी स्टेजवरून खाली पाहिलं, तर लोक दामिनीकडे पाहत होते. नवरीकडे पाहतात तसं नाही. गाणाऱ्या बाईकडे पाहतात तसं. चंपतरावांनी पियुषची कॉलर अजून धरलेलीच होती, सोडायचं विसरले होते, आणि दुसऱ्या हातानं फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होते.

गाणं संपल्यावर शोभाताई पुढे आल्या. “दामिनी, परत लाव नं वं.”

आठही गाणी लागली. ‘आंगन’ चार वेळा.

पुढचं तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर सांगायला मी आहे! ‘शेहेचाळीस’ नागपुरात ऑटोत वाजलं, सलूनमध्ये वाजलं. पुण्याहून, अमेरिकेतून लेकींचे फोन आले, रडत. एका वर्तमानपत्रानं अर्धं पान दिलं. इस्त्री केलेला पांढरा कोट दामिनीनं मैत्रिणीला देऊन टाकला. आता तिचे कार्यक्रम होतात, आणि सोबत काटोलहून सहा बाया पोळपाट घेऊन येतात. मी कधीच म्हटलं नाही की हे सगळं माझ्यामुळे झालं. पण झालं माझ्यामुळेच!

परवा सदरला गेलो होतो, प्रयागबाईला चष्मा करून द्यायला. दुकानातून निघालो तर कॉलेजच्या दोन मुली धावत आल्या. एक धापा टाकत म्हणाली, “काका, तुम्ही दामिनीचे बाबा नं? प्लीज, एक फोटो!”

मी कॉलर नीट केली. केसांवरून हात फिरवला, पोट आत घेतलं. म्हटलं, “काढा की, त्यात काय!”

मुलीनं मोबाईल माझ्या हातात दिला आणि दोघी प्रयागबाईच्या दोन बाजूंना जाऊन उभ्या राहिल्या.

फोटो मी काढला. चांगला आला. एका कोपऱ्यात माझा अंगठा आला आहे, पण ओळखू येतो.